अजून दोन रात्री

अवधानच्या एमआयडीसीत, मागच्या गेटजवळ
रुमालीबाई पावरा पिंपं धुते.
मी वर, काचेच्या खोलीत,
पाच पुरुषांच्या जिभांचे आकडे लिहिते.

फैजपूरला घरी सांगितलंय, पाण्याची कंपनी आहे.
तसं खोटं नाही. बहुतेक पाणीच.
उरलेल्याबद्दल
आजवर कोणी विचारलं नाही.

चवीचा तक्ता परदेशातून आलाय, गोल, रंगीत.
त्यात ओक आहे, मेपलचा पाक आहे,
ओली घोंगडी पांघरलेला घोडा आहे.
मेपल आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नाही,
तरी माना डोलतात, खुणा होतात.
माझं बोट थबकतं ते एकाच पाकळीवर : केळ.
गव्हाच्या बिअरला येतो हा वास
आणि मी एकदम रावेरच्या फाट्यावर,
भरून निघालेल्या ट्रकच्या मागे, शाळेच्या गणवेशात.
पण मी चाखत नाही. मी लिहिते.

त्या मंगळवारी सात नंबरची टाकी पास झाली,
चौघांनी आठ दिले, एकाने साडेआठ.
तेवढ्यात जिन्यावर गमबुटांचा पचपच आवाज.
रुमालीबाई उंबऱ्याशीच थांबली,
आत यायची तिला सवय नव्हती, आणि आम्हाला तर मुळीच.
"ताई, नासेल नही शे. पन घाई करी तुम्ही.
कालना लोनीना वास ई ऱ्हायना.
आखो दोन राती ठेवानी व्हती."

साडेआठवाले हसले.
मी नमुना यंत्रात घातला.
यंत्राला पाऊण तास लागला तेच सांगायला,
आणि लोण्याचं नाव त्याने इतकं लांब सांगितलं
की मलाही दोनदा वाचावं लागलं.

तिची आई धडगावच्या वर, डोंगरात,
महूच्या माठाला कान लावून बसायची.
बोलतोय तोवर हात लावायचा नाही.
गप्प झाला तरी लगेच नाही,
झोपू द्यायचा.

मग सप्ताह आला, विविधतेचा.
नाशिकहून फोटोवाला आला.
रुमालीबाईचे गमबूट काढले, चांदीचं काहीतरी गळ्यात घातलं,
हातात मडकं दिलं, ते फाट्यावरच्या कुंड्यांच्या दुकानातलं.
खाली ओळ : आम्ही सर्वांना सामावून घेतो.
ती भिंतीसमोर बराच वेळ उभी.
"मडकं गळकं शे," म्हणाली.
आणि जिना चढून मला हळूच विचारलं,
चाखणाऱ्याला किती मिळतात.
मी सांगितलं.
ती बोटांवर पिंपं मोजत खाली गेली.

चार महिने गेले त्या एका खुर्चीत.
अर्ज, परत अर्ज, "बघू", "वरून येऊ द्या".
एक अडचण म्हणे अशी,
की वरच्या मजल्यावर बायकांचं स्वच्छतागृह नाही.
तीन वर्षं मी दोन जिने उतरून जात होते,
हे त्या बैठकीत पहिल्यांदा बोलले,
माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

आता सात खुर्च्या आहेत. सातवी माझी.
पहिला घोट कडू, मग थंड,
मग खरंच केळ.
घड उतरवल्यावर चौथ्या दिवशीचं, रुमालीबाई म्हणाली.
पाचव्या, मी म्हटलं. केळ माझ्या गावचं आहे.
तक्त्याच्या कडेला आम्ही पेनाने लिहितो :
कालचं लोणी. परात धुतलेलं पाणी. भिजलेलं गोणपाट.
साडेआठवालेही आता त्यावर खूण करतात,
ही वस्तू त्यांनी पाहिलेली असते.

घरी अजून पाण्याचीच कंपनी आहे.

आज रुमालीबाईचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर.
दिवस : गुरुवार. त्या दिवशी नवी टाकी चाखायची आहे.
कारण, तिच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात :
शहाद्याला कोर्टात आईची तारीख.
गुन्हा दारू गाळणे.

मी सही केली.
वर फोन करून सांगितलं,
टाकी शनिवारी उघडू.
अजून दोन रात्री
राहू द्या तिला.